हिराबाईंचं आडनाव

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा.

मिरजेचा उरूस जवळ आला की आमच्या भागातल्या ग्रुपांवर उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा तोच तो फोटो फिरायला लागतो. डोक्याला फेटा, भरघोस मिशा. खाली दोन ओळी, चार हात जोडलेले, आणि मग सुरू होतं. एक जण लिहितो, "हीच आपली गंगाजमुनी संस्कृती." दुसरा लगेच विचारतो, "मग पोरांची नावं हिंदू का ठेवली?" तिसऱ्याचं म्हणणं असतं की सरदाराची मुलगी पळवली हो त्यांनी, आजच्या काळात काय म्हटलं असतं याला? चौथा त्या तिसऱ्याला शिव्या घालतो. अ‍ॅडमिन साहेब "कृपया राजकारण नको" असं लिहून झोपायला जातात. या सगळ्यात गाण्याबद्दल एक शब्द नसतो. आणि ज्या बाईने हा संसार केला, मोडला आणि पाच पोरांना गाण्यात उभं केलं, तिचं नावही कुणी घेत नाही.

आम्हा बातमीदारांना डिप्लोमाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं की माणसाचं पूर्ण नाव घ्या, आडनावासकट. का ते तेव्हा सांगत नाहीत. फिल्डवर गेलं की कळतं. आडनाव छापलं की वाचक पुढची निम्मी बातमी स्वतःच लिहून घेतो. कोण, कुठला, कुणाचा, सगळं त्याला त्या दोन-तीन अक्षरांत दिसतं. म्हणून आज आडनावाचीच गोष्ट सांगतो. हिराबाई बडोदेकर यांच्या.

या बाई जन्मल्या मिरजेत, १९०५ साली. आयुष्य गेलं पुण्या-मुंबईत. वडील अब्दुल करीम खाँ मूळचे कैरान्याचे. उत्तर प्रदेशातलं हे गाव आता आपल्याला निवडणुका आणि पलायनाच्या बातम्यांमुळे माहीत झालंय, पण आपल्या 'किराणा' घराण्याचं नाव तिथून आलं. (किराणा दुकानाशी काही संबंध नाही. हे मला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्य पाहुण्यांच्या भाषणानंतर सांगावं लागलं होतं.) आईचं नाव ताराबाई माने. मग 'बडोदेकर' कुठून आलं?

तर ताराबाई या बडोद्याच्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. माने घराण्याचं नातं थेट राजघराण्याशी. अब्दुल करीम तेव्हा तरुण, बडोद्याच्या दरबारात गायक. एकोणिसावं शतक संपत आलेलं. सरदाराची लेक आणि दरबारातला गवई, धर्म वेगळा, पायरी वेगळी. दोघं बडोदं सोडून निघाले. मुंबई, आणि मग मिरज.

इथे जरा थांबूया, कारण ग्रुपवरची मंडळी नेमकी इथेच घसरतात. कुणी कुणाला 'पळवलं' म्हटलं की त्या बाईला अक्कल, मर्जी, हिंमत काही नव्हतीच असं आपण गृहीत धरतो. ताराबाईंचं पुढचं आयुष्य बघा आणि मग ठरवा की या बाईला कुणी उचलून नेऊ शकलं असतं का.

मिरजच का, हेही समजून घेण्यासारखं आहे. संस्थान छोटं, पण गाण्याचं वेड मोठं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून याच गावात शिकवली, विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच त्यांच्याकडे घडले. तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे येतात, त्यांना आकार देऊन, तारा चढवून, जवारी काढून वाद्य देशभर जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा आपल्याकडे फटाके वाजले होते. शिवाय ख्वाजा मिरासाहेबांचा दर्गा. प्लेगाच्या साथीत खाँसाहेब दर्ग्यात येऊन बरे झाले, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं सोडा, पण ते आयुष्यभर या दर्ग्याशी बांधलेले राहिले, हे खरं. या दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हेही जाता जाता सांगतो. बाहेरच्यांना नवल वाटतं, मिरजकरांना वाटत नाही.

तर या गावात पाच मुलं झाली. थोरला मुलगा अब्दुल रहमान. मुलगी चंपाकली. शेवटची सकीना. मधले दोघे कृष्णराव आणि कमलाबाई म्हणून पुढे ओळखले गेले. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. नाव बघा, मुसलमान उस्तादाने काढलेल्या शाळेचं नाव 'आर्य'. विद्यार्थी घरातच राहायचे, जेवायचे, शिकायचे. आता एवढ्या माणसांच्या घराचा रामरगाडा कोण ओढत असेल, हे कुठल्या चरित्रात शोधायची गरज नाही.

खाँसाहेबांची कीर्ती वाढत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, त्या प्रयोगांना गळा दिला खाँसाहेबांनी. कर्नाटकात त्यांचा राबता, कर्नाटक संगीतातलंही त्यांनी उचललेलं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचेच शिष्य. पुढे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल ही सगळी त्याच झाडाची फळं. माणूस मोठाच होता, त्यात वाद नाही.

पण घर मोडलं. १९२० च्या आसपास ताराबाई पाचही मुलांना घेऊन बाहेर पडल्या.

कारणं काय होती यावर मी लिहिणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या नवरा-बायकोच्या भांडणात आपण पंच नाही. एवढं मात्र नोंदवून ठेवतो की ताराबाई त्यांच्या पहिल्या पत्नी नव्हत्या. आधी कैरान्यात गफूरन बीबींशी लग्न झालं होतं आणि त्या तिकडेच मागे राहिल्या. ताराबाई गेल्यावर शिष्या बानूबाई लाटकर त्यांच्या आयुष्यात आल्या, त्याच सरस्वतीबाई मिरजकर. आपण खाँसाहेबांना संत करून टाकलंय. त्यांचा सूर संताचा असेल, संसार तसा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, आणि फोटोला हार घालताना दुसरी विसरायची काही गरज नाही.

आता ताराबाईंची अवस्था बघा. माहेर तोडून आलेल्या. सासर म्हणावं असं काही नाही. पाच मुलं, थोरला अठराच्या आसपास, धाकटी सात-आठ वर्षांची. काळ असा की परधर्मीय गवयाबरोबर राहिलेल्या आणि मग त्यालाही सोडलेल्या बाईकडे समाज कसा बघत असेल, हे सांगायला नको. या बाईने पहिलं काम काय केलं? नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. सकीनाची सरस्वती झाली. चंपाकलीची हिराबाई. मुलगे माने, म्हणजे आईच्या माहेरचे. आणि मुली बडोदेकर.

मला हे फार विलक्षण वाटतं. जे शहर सोडून ती पळाली, ज्या शहराने तिला परत घेतलं नाही, त्याच शहराचं नाव तिने मुलींना आडनाव म्हणून दिलं. यात धर्म आहे का? असेल. आजूबाजूच्या समाजात मुलांना उभं राहायला मिळावं हा व्यवहार आहे का? नक्कीच आहे. थोडा राग आहे का? तो मला तरी ऐकू येतो. ग्रुपवरचा जो गडी विचारतो ना, "पोरांची नावं हिंदू का?", त्याला हे उत्तर आहे. बापाने नाही ठेवली. आईने ठेवली, आणि ती टिकवून दाखवली.

पण नाव बदललं म्हणून गळा बदलत नाही. गाणं तर बापाच्याच घराण्याचं हवं. आणि इथे या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा माणूस येतो. उस्ताद अब्दुल वहीद खाँ. कैरान्याचेच, खाँसाहेबांचे नात्यातले. कानाने अधू, म्हणून लोक 'बहिरे वहीद खाँ' म्हणत. विलंबित ख्याल असा सावकाश, एकेका सुरावर मुक्काम करत मांडायचे की पुढे अमीर खाँसाहेबांसारख्यांनी तीच वाट धरली. तर हे वहीद खाँ कोण? मागे राहिलेल्या गफूरन बीबींचे सख्खे भाऊ. बहिणीला असं टाकलं म्हणून अब्दुल करीम खाँशी त्यांचं बिनसलेलं. आणि त्यांनी शिकवलं कुणाला? ज्या बाईसाठी म्हणून बहिणीचा संसार गेला, त्या ताराबाईंच्या मुलीला. हिराबाईंना.

आपल्याकडे बांधाच्या भांडणात तीन पिढ्या बोलत नाहीत. कोर्टाच्या तारखांच्या बातम्या करून माझे केस पांढरे झाले. म्हणून या माणसाचं मला अप्रूप वाटतं. हातात घेतलेली विद्या ही बहिणीच्या अपमानापेक्षा वेगळ्या खात्यात ठेवायची असते, हे त्याला कुणी शिकवलं असेल? थोरले भाऊ सुरेशबाबूही हिराबाईंचे गुरूच. हा माणूस स्वतः फार पुढे आला नाही, १९५३ मध्ये गेला, पण माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांच्यासारख्या गायिका त्याच्या तालमीत तयार झाल्या.

हिराबाई वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी मुंबईत विष्णु दिगंबरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत गायल्या. तिथून पुढे जे घडलं ते गाण्याइतकंच समाजाच्या इतिहासात मांडायला हवं. तोवर बाईचं गाणं कुठे व्हायचं? दरबारात, कोठीवर, धनिकाच्या दिवाणखान्यात, देवळात. गाणारी बाई ही कलावंतीण, नायकीण. मोगूबाई, केसरबाई यांच्यासारख्या गोव्याकडच्या थोर गायिकांनाही हा शिक्का घेऊनच वाट काढावी लागली. हिराबाईंनी थिएटरात जाहीर, तिकीट लावून मैफल केली. असं करणाऱ्या त्या पहिल्या गायिका मानल्या जातात.

तिकीट ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण विचार करून बघा. दिवाणखान्यातल्या बैठकीत यजमान अख्खी संध्याकाळ विकत घेतो. गाणारीला थांबवायचं कधी, काय गायला लावायचं, कुणासमोर बसवायचं, सगळं त्याच्या हातात. तिकीट लावलं की यजमान संपला. प्रत्येक जण एका खुर्चीपुरते पैसे देतो आणि त्या खुर्चीपलीकडे त्याचा काही हक्क राहत नाही. सरदार असो की कारकून, दोघांनी सारखंच गप्प बसून ऐकायचं. एका साध्या कागदाच्या तुकड्याने बाई आणि श्रोता यांच्यातला व्यवहार स्वच्छ केला.

आणि बसायच्या कशा? साधी नेसण, ताठ बैठक, हातवारे नाहीत, अदा नाहीत, तोंड वेडंवाकडं नाही. नुसता सूर. आवाज बारीक, गोड, पण वरच्या षड्जावर गेला की हलायचा नाही. घरातल्या बायका मैफलीला येऊ लागल्या. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हटलं. रेकॉर्डी निघाल्या, ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, अभंग, आणि त्या मध्यमवर्गीय घरांत वाजू लागल्या. मुलीला गाणं शिकवलं तर ती बिघडते, या भीतीला हिराबाईंच्या रेकॉर्डींनी जेवढा शह दिला तेवढा कुठल्या सुधारकाच्या व्याख्यानाने दिला असेल असं मला वाटत नाही.

पण याची दुसरी बाजूही लिहायला हवी. 'घरंदाज गायिका' असा एक साचा तयार झाला आणि त्यात न बसणाऱ्या बायका बाहेर फेकल्या गेल्या. स्वातंत्र्याच्या तोंडावर नभोवाणी खातं वल्लभभाई पटेलांकडे असताना, ज्यांचं खाजगी आयुष्य 'लोकापवादाचं' आहे अशा गायिकांना आकाशवाणीची दारं बंद करायचं धोरण आलं. ज्यांनी शे-दीडशे वर्षं ठुमरी-दादरा गळ्यात सांभाळून ठेवला, त्यांनाच चारित्र्याचा दाखला मागायचा! यात हिराबाईंचा दोष शून्य. पण त्यांच्या साधेपणाची फूटपट्टी करून लोकांनी इतरांना मोजलं, हे झालंच. आणि गंमत अशी, की ताराबाईंचा संसार त्या फूटपट्टीने मोजला असता तर?

१९२९ च्या सुमारास या भावंडांनी ताराबाईंच्या पुढाकाराने नाटक कंपनी काढली. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा. बालगंधर्वांचा काळ, स्त्रीपार्टी नटांवर महाराष्ट्र फिदा, आणि इथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करणार. 'सौभद्र'मध्ये सुभद्रा म्हणून खरीच बाई उभी. बहिणीही कामं करायच्या. मराठी रंगभूमीच्या इतिहासात १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'चं नाव या बाबतीत पहिल्यांदा घेतलं जातं, आणि ते नाटक महत्त्वाचं आहेच, पण ही मंडळी त्याच्या आधी हे करत होती. पुढे बोलपट आले, कंपन्या धडाधड बसल्या, यांचीही बसली. कर्ज झालं. ते हिराबाईंनी मैफली करून फेडलं. गावोगाव, रात्रीच्या गाड्यांनी, तंबोरे सांभाळत. सिनेमातही काम केलं, बाबूराव पेंटरांच्या 'प्रतिभा'त त्या आहेत. तो १९३७ चा.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला खाँसाहेब गेले. मद्रासहून पाँडेचरीला निघाले होते, वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. फलाटावर नमाज पढले, थोडं गायले आणि तिथेच प्राण सोडला, असं सांगतात. देह मिरजेला आणला. मिरासाहेबांच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात रात्र-रात्र गाणं होतं. मोठमोठी माणसं तिथे बिदागीचा विचार न करता गायली. ताराबाईंच्या नावाची पाटी मात्र मला आजवर मिरजेत कुठे दिसलेली नाही.

पुढे देश तुटला, तेव्हा हे घराणंही दोन्हीकडे गेलं. खाँसाहेबांच्या नात्यातली आणि त्यांचीच शिष्या रोशनआरा बेगम १९४८ मध्ये पाकिस्तानात गेली, लालामुसा नावाच्या गावात राहिली, तिकडची मलिका-ए-मौसिकी झाली. इकडे स्वातंत्र्याच्या वेळी दिल्लीत लाल किल्ल्यावर हिराबाईंचं गाणं झालं, हे त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितलं जातं. १९५३ मध्ये भारताच्या शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. १९६५ ला संगीत नाटक अकादमी, १९७० ला पद्मभूषण. एक सूर, एक गाव, एकच तालीम, आणि एकीची बातमी लाहोरच्या पेपरात तर दुसरीची पुण्याच्या.

मी २००९ चा सप्टेंबर विसरलेलो नाही. गणपतीत कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली, बाजारपेठा बंद, सांगली-कोल्हापूरपर्यंत लोण गेलं. त्या दिवसांत आम्ही बातमीत कुणाचंही आडनाव न लिहिता 'एका गटाने', 'दुसऱ्या गटाने' असं लिहीत होतो, आणि तरी प्रत्येक वाचकाला सगळं कळत होतं. तेव्हा एका ज्येष्ठ उपसंपादकांनी मला विचारलं होतं, "तुझ्या मिरजेत हिराबाईंना कुठल्या गटात घालशील?" मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "आता सुरेशबाबूंना सांग." मग पुढचं पान लावायला घेतलं.

हिराबाई १९८९ च्या नोव्हेंबरात गेल्या. सरस्वतीबाई राणे, म्हणजे तीच धाकटी सकीना, २००६ पर्यंत होत्या. १९४३ च्या 'रामराज्य' सिनेमातलं त्यांचं वीणेचं गाणं तेव्हा देशभर वाजलं. प्रभाताई अत्रे २०२४ च्या जानेवारीत गेल्या, तेव्हा टीव्हीवाल्यांनी 'किराणा घराण्याच्या' एवढं म्हणून काम उरकलं. त्या घराण्यात त्यांना कुणी आणलं, हे सांगायला वेळ नव्हता.

एक काम करा. यूट्यूबवर हिराबाई आणि सरस्वतीबाईंची जुगलबंदी सापडेल. आधी खाँसाहेबांची कुठलीही तीन मिनिटांची जुनी रेकॉर्ड ऐका, तो नाकातून आल्यासारखा, टोकदार, कळवळणारा आवाज. मग या दोघी बहिणी लावा. दोघींनी ज्याचं नाव लावलं नाही त्या बापाची सूर लावायची तऱ्हा दोघींच्या गळ्यात आहे, आणि मध्येच एक जण थांबली की दुसरी तिथूनच उचलते, घरात एकमेकींचं अर्धं वाक्य पुरं करतात तशी. तंबोरा बहुतेक आपल्या मिरजेचाच असावा.